चालणं रोजचं, खाणं जपून, तरी काटा ७२ वरच: आधी काय तपासायचं

प्रश्न थोडक्यात असा. वय ४४, उंची १५७ सेंटीमीटर, राहणं नागपुरात. पाच महिन्यांपूर्वी वजन ७५ किलो होतं. रोज सकाळी फुटाळा तलावावर ४५ मिनिटं चालणं, आठवड्यातून तीन दिवस योगासनं, चहात साखर अर्धी, रात्रीचा भात बंद. पहिल्या दोन महिन्यांत ३ किलो उतरले आणि मग तीन महिने काटा ७२ च्या आसपासच आहे. थायरॉईडची ५० मायक्रोग्रॅमची गोळी चालू, थायरॉईडच्या रक्ततपासणीत टीएसएच ३.१. सकाळी लिंबू-मध-पाणी आणि पोहे किंवा उपमा. दुपारी दोन पोळ्या, भाजी, वरण. चारला चहा आणि मूठभर फल्लीदाणे (शेंगदाणे). रात्री ज्वारीची भाकर आणि भाजी. घरी चार माणसं, रविवार मोकळा. आता चालणं दीड तास करू की रात्रीचं जेवण बंद करू?

ताई, दोन्ही करू नका. आधी पंधरा दिवस मोजण्यात घालवा. काय खायचं ते तुम्ही नीट निवडलंय, पण किती खाल्लं जातं याचा आकडा तुमच्या प्रश्नात कुठेच नाही. दोन पोळ्या म्हणजे १७० कॅलरीही होतात आणि ३५० सुद्धा. भाजी म्हणजे ६० कॅलरीही आणि २०० ही. अडकलेलं वजन बहुतेक वेळा याच फरकात अडकलेलं असतं.

तुमच्या प्रामाणिकपणावर मी बोट ठेवत नाही. १९९२ साली न्यूयॉर्कच्या संशोधकांनी नेमक्या अशाच लोकांची तपासणी केली होती. दिवसाला १२०० कॅलरींच्या आत खातो, तरी वजन उतरत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं, आणि दोष थायरॉईडचा किंवा अनुवंशाचा असावा असं त्यांना वाटे. त्यांचा शरीराचा खर्च मोजला तेव्हा तो त्या बांध्याच्या माणसाचा असायला हवा तेवढाच निघाला. खाणं मात्र सांगितल्यापेक्षा जवळपास दुप्पट होतं आणि हालचाल सांगितल्यापेक्षा बरीच कमी. माणसाचा अंदाज असाच चुकतो. आहारतज्ज्ञांचाही स्वतःच्या ताटाचा अंदाज चुकतो. म्हणून डोळ्यांवर विसंबायचं नाही, काटा वापरायचा.

वजन खरंच अडकलंय का, हे सर्वांत आधी ठरवू. आठवड्यातून एकदा, कधी सकाळी तर कधी संध्याकाळी वजन केलं तर काहीच कळत नाही. काटा फरशीवर ठेवा, सतरंजीवर किंवा पायपुसण्यावर नाही. सकाळी संडासला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, त्याच हलक्या कपड्यांत रोज वजन करा आणि लिहून ठेवा. एका दिवसाच्या आकड्याकडे लक्ष देऊ नका. सात दिवसांची बेरीज करून सातने भागा आणि ही सरासरी चार आठवड्यांपूर्वीच्या सरासरीशी ताडून पाहा. पाळी चालू असेल तर याला फार महत्त्व आहे, कारण पाळीच्या आधीच्या आठवड्यात अंगात पाणी साठून अर्धा ते दोन किलो वजन वाढू शकतं. म्हणून पाळीनंतरचा आठवडा पाळीनंतरच्याच आठवड्याशी ताडायचा. चार आठवड्यांत सरासरी अर्धा किलोनेही उतरली नसेल, तरच वजन अडकलंय असं म्हणायचं.

पाण्याचा हा खेळ नीट समजून घ्या, यात अनेकांचा धीर सुटतो. अंगातला साखरेचा साठा, म्हणजे ग्लायकोजेन, ग्रॅममागे सुमारे ३ ग्रॅम पाणी धरून बसतो. रात्रीचा भात बंद केला की हा साठा कमी होतो आणि पहिल्या दोन-तीन आठवड्यांत वजन झरझर उतरतं. त्यात चरबीबरोबर पाणीही बरंच असतं. तुमच्या पहिल्या ३ किलोंतला एखादा किलो तरी पाण्याचा असावा. उलटही होतं. लग्नात जेवून आल्यावर दुसऱ्या दिवशी काटा सव्वा किलो वर दिसतो. एक किलो चरबी साठायला सुमारे ७७०० कॅलरी जास्तीच्या खाव्या लागतात. एका जेवणात ते शक्य नाही, म्हणजे ते मीठ, पाणी आणि पोटातलं अन्न असतं. नवा व्यायाम सुरू केला की स्नायू सुजतात आणि तेही काही आठवडे पाणी धरतात.

वजनाबरोबर कंबरही मोजा. शेवटची बरगडी आणि कमरेच्या हाडाचा वरचा काठ यांच्या मधोमध टेप, श्वास सहज सोडल्यावर, टेप न आवळता. भारतीय बायकांसाठी धोक्याची रेषा ८० सेंटीमीटर धरतात, पुरुषांसाठी ९०. आपल्याकडे कंबर वजनाइतकीच महत्त्वाची का, हे पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःच्याच उदाहरणाने दाखवलं होतं. त्यांचा आणि त्यांच्या ब्रिटिश सहकाऱ्याचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, तंतोतंत सारखा, २२.३, पण शरीरातली चरबी सहकाऱ्याची ९.१ टक्के आणि त्यांची २१.२ टक्के. वजन थांबलेलं असताना कंबर २ सेंटीमीटरने उतरली असेल तर तुमचं काम चालू आहे, आहारात काही बदलू नका.

आता स्वयंपाकघरात येऊ. इथे सगळ्यात आधी तेल पाहायचं. एक ग्रॅम तेल म्हणजे ९ कॅलरी, मग ते सोयाबीनचं असो, करडईचं असो की घाणीचं फल्लीतेल. छोटा चहाचा चमचा सपाट भरला तर ५ मिलिलीटर, म्हणजे ४० कॅलरी. चार माणसांच्या घरात ५ लिटरचा डबा महिनाभर जात असेल तर हिशोब असा: ५ लिटर म्हणजे सुमारे ४६०० ग्रॅम, भागिले १२० माणूस-दिवस, म्हणजे माणशी रोज ३८ ग्रॅम. हे सव्वाआठ चमचे तेल झालं, जवळजवळ ३४५ कॅलरी, आणि ताटात ते दिसतही नाही. ते १८ ग्रॅमवर आणलं, म्हणजे चार चमच्यांवर, तर रोजच्या १८० कॅलरी कमी होतात. महिन्याला ५४०० झाल्या, म्हणजे ७०० ग्रॅम चरबी, पोळी-भाजीतला एक घासही कमी न करता.

हे करून पाहा. चारशे-पाचशे रुपयांना स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा मिळतो, एक ग्रॅमपर्यंत मोजणारा. उद्या भाजी करताना काट्यावर रिकामी वाटी ठेवा, आकडा शून्यावर आणा आणि नेहमी कढईत ओतता तेवढंच तेल आधी वाटीत ओता. हात मुद्दाम आखडता घेऊ नका, रोजच्यासारखंच ओता. काट्यावर २० दिसेल की ४५ हे तुमच्या हातावर आहे. ४५ दिसले तर त्या एका भाजीत ४०५ कॅलरींचं तेल आहे, चौघांत वाटलं तरी माणशी शंभर. त्यात वरणाची फोडणी, पोळीला लावलेलं तेल, सकाळच्या पोह्यांचं तेल मिळवा. घरातली पळी पाण्याने भरून तीही एकदा मोजा. अनेक घरांतल्या पळीत ३० मिलिलीटरच्या वर मावतं, म्हणजे एक पळी अडीचशे कॅलरींची.

तेल कमी करताना भाजी बेचव झाली की घरचे कुरकुर करतात आणि आठवड्याभरात डबा पुन्हा पहिल्यासारखा रिता व्हायला लागतो. म्हणून कुठे कमी करायचं ते कळलं पाहिजे. मोहरी-जिरं तडतडायला चौघांच्या भाजीला दोन चमचे गरम तेल पुरतं. जास्तीचं तेल लागतं ते कांदा परतायला, तळाला लागू नये म्हणून. कांद्यावर आधीच चिमूटभर मीठ टाका, आच मंद करा, झाकण ठेवून झाकणावर पाणी ओता. कांदा स्वतःच्याच पाण्यात मऊ होतो. वांगं तेल शोषतं, ते आधी भाजून किंवा वाफवून घ्या. झुणक्याला तेल फार लागतं, कारण बेसन कोरडं राहिलं की गुठळ्या होतात आणि त्या मोडायला आपण वरून तेल सोडत जातो. बेसन आधी कढईत कोरडंच खमंग भाजून बाजूला काढा, मग फोडणीत पाण्याचा हबका देत शिजवा. चौघांना तीन चमच्यांत होतो. रस्सा केला असेल तर गॅस बंद करून पाच मिनिटं हलवू नका, वर आलेली तर्री पळीने काढून वेगळ्या वाटीत ठेवा. ज्याला हवी तो घेईल. चव मसाल्यात आणि भाजलेल्या खोबऱ्या-कांद्यात असते, ती खालीही उतरलेली असते. सांबार (कोथिंबीर), लिंबू आणि जवसाची चटणी यांनी कमी तेलाची भाजी तोंडाला लागते. मात्र जवसाच्या चटणीचे दोन मोठे चमचे म्हणजे शंभर कॅलरी, तीही मोजूनच.

पोळीकडे वळू. कणीक मळायच्या आधी पीठ मोजा आणि त्यात किती पोळ्या झाल्या ते मोजा, म्हणजे एका पोळीचं पीठ कळेल. २५ ग्रॅम पिठाचा फुलका सुमारे ८५ कॅलरींचा. ४० ग्रॅम पिठाची घडीची पोळी १३५ ची, आणि आत-बाहेर मिळून एक चमचा तेल धरलं तर १७५ ची. भाकरीबद्दल एक गैरसमज पक्का झालाय की ती कितीही चालते. ज्वारी चांगलीच आहे, पोट भरतं, चोथा मिळतो. पण पिठाच्या कॅलरी गव्हाइतक्याच. घरची एक जाड भाकर ७० ग्रॅम पिठाची असेल तर २४० कॅलरी, म्हणजे जवळपास तीन फुलके. भाताचंही तसंच. शिजलेल्या भाताची एक वाटी साधारण १५० कॅलरींची. रात्री भात सोडून एका जाड भाकरीवर आलात तर तुम्ही तोडलं काहीच नाही. आवडत असेल तर मोजलेला भात रात्रीही खा.

फल्लीदाण्यांची मूठ ३० ते ३५ ग्रॅमची भरते, म्हणजे १७० ते २०० कॅलरी. दाणे वाईट नाहीत, पण डब्यातून मूठ भरून नको, वाटीत १५ ग्रॅम काढून डबा बंद करा, किंवा त्याऐवजी २५ ग्रॅम फुटाणे घ्या, ९० कॅलरीत काम होईल. लिंबू-मध-पाण्याने चरबी वितळत नाही. मधाच्या एका चमच्यात २० कॅलरी असतात, एवढंच. चहा तीनदा होत असेल तर कपामागे ५० कॅलरी धरा, साखर पूर्ण असेल तर ८०. संत्र्याच्या दिवसांत, म्हणजे आंबिया बहराच्या आणि पुढे मृग बहराच्या हंगामात, रस काढू नका, फळ खा. एका संत्र्यात ५० च्या आसपास कॅलरी आणि चोथा. रसाच्या एका पेल्यात चार संत्री जातात आणि भूक तशीच राहते. उपासाचा दिवस बहुतेकांच्या हिशोबातच नसतो. एका माणसाची साबुदाण्याची उसळ ६० ग्रॅम साबुदाणा, ३० ग्रॅम दाण्याचा कूट, दीड मोठा चमचा तूप आणि अर्धा आलू धरली तर साडेपाचशे कॅलरींच्या वर जाते, आणि तिच्यात प्रथिनं नावापुरती. उपास असेल तर वाटीभर भगर, दही आणि एखादं फळ.

हे सगळं मोजल्यावर ताडायचं कशाशी? तुमचं वय, उंची, वजन मिफलिन-सेंट जिओर या सूत्रात घातलं तर झोपून राहिलात तरी लागणारा खर्च सुमारे १३२० कॅलरी येतो. घरकाम आणि चालणं धरून १.४ ने गुणलं की दिवसाचा खर्च १८५० च्या आसपास. त्यातून ४०० कमी करून १४५० वर राहिलात तर आठवड्याला साडेतीनशे ग्रॅम, महिन्याला दीड किलो उतरावं. सूत्राचा आकडा १०० ते २०० ने इकडेतिकडे असू शकतो, म्हणून शेवटचा शब्द तुमच्या सरासरी वजनाचा.

या हिशोबात मोकळा रविवार घालून पाहा. सकाळी फुटाळ्यावरून येताना तर्री पोहे, वरून जास्तीची तर्री: अंदाजे ४५०. दुपारी सावजी मटण, तीन पोळ्या, भात: १२०० तरी. संध्याकाळी दोन सांबारवड्या ४००, रात्री हलकं म्हणून ४००, दिवसभराचे चहा आणि एखादं आईस्क्रीम ३५०. बेरीज २८००. सहा दिवस रोज ४०० वाचवून २४०० जमवले आणि एका दिवसात ९५० परत दिले. आठवड्याची बचत १४५० उरली, म्हणजे महिन्याला दीड किलोऐवजी पाऊण किलो, आणि पाऊण किलो पाण्याच्या चढ-उतारात सहज लपतो. त्यात रोजचं तेल शंभर-दीडशेने जास्त असेल तर संपलंच. रविवार बंद करा असं मी म्हणत नाही. नागपुरात राहून तर्री पोहे कायमचे सोडायला लावणारा आहार सहा महिनेही टिकत नाही. रविवारी बाहेरचं एकच जेवण ठेवा. सावजी खायचं असेल तर सकाळी पोहे नकोत. मटणाचे तुकडे घ्या, रस्सा वाटीच्या तळाकडून घ्या, पोळ्या दोन. पोळा, महालक्ष्म्या, दिवाळी या आठवड्यांत वजन उतरवायचा हट्ट धरू नका, तेवढं टिकवलं तरी पुष्कळ.

चालण्याबद्दल. ७२ किलोच्या माणसाला ४५ मिनिटांच्या चालण्यात, बसून राहिलं असतं त्यापेक्षा जास्तीचा खर्च होतो तो १३५ ते २०० कॅलरींचा. मनगटावरचं घड्याळ ३५० दाखवतं, त्यावर विश्वास ठेवून वरचं खाऊ नका. २०१७ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी सात उपकरणं तपासली. हृदयाचे ठोके बहुतेकांनी नीट मोजले, पण कॅलरींच्या बाबतीत सर्वांत चांगल्या उपकरणाचीही सरासरी चूक २७ टक्के निघाली. पावलांसाठी मात्र घड्याळ कामाचं आहे. तुमची दिवसभराची पावलं पाहा, फक्त सकाळची नाही. वजन उतरू लागलं आणि खाणं कमी झालं की शरीर नकळत हालचाल आखडतं: जिना टाळला जातो, भाजी बसून निवडली जाते, दुपारी पाठ टेकवली जाते. सकाळी ५००० पावलं झाली आणि रात्रीपर्यंत आकडा ६२०० वरच असेल तर गळती इथेही आहे. ८५०० ते ९००० पर्यंत न्या, आणि तेही तुकड्यांत: प्रत्येक जेवणानंतर दहा मिनिटं घरात किंवा गच्चीवर. एप्रिल ते जून आपल्याकडे पारा ४५ पर्यंत जातो, कूलरसमोरून कोणी उठत नाही. उन्हाळ्यात वजन अडकण्याचं हे साधं कारण असतं. तेव्हा सकाळी साडेपाच-सहाला बाहेर पडा आणि बाकीची पावलं घरातल्या पॅसेजमध्ये करा.

दीड तास चालण्यापेक्षा आठवड्यातून दोन दिवस २५ मिनिटं वजनाचा व्यायाम जास्त उपयोगी पडेल. योगासनांनी सांधे मोकळे राहतात, पण चाळिशीनंतर झिजणारे स्नायू टिकवायला त्यांच्यावर वाढता भार यावा लागतो. खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं १० वेळा, ओट्यावर हात टेकवून पुशअप ८ वेळा, पिशवीत ५ किलो कणीक भरून पाठ सरळ ठेवत कमरेतून वाकून उचलणं १० वेळा, जाड रबरी पट्टा खिडकीच्या गजाला अडकवून दोन्ही हातांनी मागे खेचणं १० वेळा. प्रत्येकाचे तीन फेरे, दोन फेऱ्यांमध्ये मिनिटभर थांबा, श्वास रोखू नका. शेवटच्या दोन वेळा अवघड वाटल्या पाहिजेत. सोप्या वाटायला लागल्या की पिशवीत आणखी एक किलो. रक्तदाब किंवा गुडघ्याचं दुखणं असेल तर आधी डॉक्टरांना दाखवून मगच.

स्नायूंना प्रथिनंही लागतात. तुमचं ध्येय ६२ किलो धरलं तर किलोमागे १ ते १.२ ग्रॅम, म्हणजे दिवसाला ६२ ते ७५ ग्रॅम. तुमच्या आत्ताच्या ताटात ती ४५ च्या आसपास असावीत. म्हणूनच चार वाजता डबा उघडावासा वाटतो. शाकाहारी दिवस असा बसवता येईल: सकाळी ५० ग्रॅम मूगडाळीची धिरडी आणि वाटीभर दही, दुपारी दोन फुलके, एक भाजी, ४० ग्रॅम तूरडाळीचं घट्ट वरण, दीडशे ग्रॅम दही, काकडीची कोशिंबीर, चारला फुटाणे आणि चहा, रात्री ३० ग्रॅम सोयाबीन वड्यांची किंवा ८० ग्रॅम पनीरची भाजी आणि ६० ग्रॅम पिठाची भाकर, मध्ये एक संत्रं, आणखी दोन चहा. दिवसभराचं तेल चार चमचे. सोयाबीन वड्यांचा दिवस १५०० च्या आतबाहेर आणि ६५ ग्रॅम प्रथिनांच्या जवळ जातो. पनीरच्या दिवशी शंभरेक कॅलरी वाढतात, त्या दिवशी भाकर अर्धी करा. अंडी चालत असतील तर रात्री दोन. वरण पातळ केलंत तर वाटी तीच राहते आणि प्रथिनं निम्मी होतात, म्हणून डाळ कोरडी असतानाच मोजायची. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर प्रथिनं डॉक्टरांना विचारल्याशिवाय वाढवू नका.

१२०० च्या खाली स्वतःहून जाऊ नका. केस गळतात, स्नायू झिजतात, झपाट्याने वजन उतरवलं तर पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो, आणि दोन आठवड्यांनी भूक सगळं वसूल करते. पूर्वी खाण्याचे झटके येणं, खाऊन उलटी काढणं असं काही झालं असेल तर हा वजनकाट्याचा मार्गच तुमच्यासाठी नाही. तेव्हा आधी मानसोपचारतज्ज्ञ.

मेटाबॉलिझम बिघडतो का, तर मंदावतो. ३ किलो उतरल्यावर तुमच्या शरीराचा रोजचा खर्च पन्नासेक कॅलरींनी कमी झाला असेल, वर शरीर थोडी काटकसरही करतं. फार मोठ्या आणि घाईच्या घटीनंतर ही काटकसर बरीच असते. अमेरिकेतल्या वजन घटवण्याच्या टीव्ही स्पर्धेतल्या १४ जणांचा खर्च सहा वर्षांनंतरही अपेक्षेपेक्षा रोज सुमारे ५०० कॅलरींनी कमी आढळला, हे २०१६ मध्ये छापून आलं. तुमच्या ३ किलोंच्या घटीत तेवढं होत नाही. पाच महिने सलग पोटाला चिमटा घेऊन थकवा आला असेल तर दोन आठवडे मोजून १८०० खा, वजन टिकवा, आणि मग पुन्हा १४५० वर या.

झोप सहा तासांच्या खाली असेल तर तेही लिहून ठेवा. २०१० च्या एका छोट्या प्रयोगात तेवढंच खाऊन साडेपाच तास झोपवलेल्यांची चरबी साडेआठ तासवाल्यांपेक्षा ५५ टक्के कमी उतरली; वजन गेलं ते बरंचसं स्नायूंचं. मोठ्याने घोरणं, झोपेत श्वास अडकणं, दिवसा डुलक्या हे असेल तर झोपेची तपासणी करून घ्या.

आता थायरॉईड. टीएसएच ३.१ म्हणजे गोळी नीट लागू आहे आणि वजन अडकण्याचं खापर तिच्यावर फोडता येत नाही. अगदी उपचार न घेतलेल्या थायरॉईडनेही वजन वाढतं ते साधारण २ ते ५ किलो, आणि त्यात बराचसा भाग मीठ-पाण्याचा. वजन उतरावं म्हणून डोस वाढवून मागू नका. छातीत धडधड होते, हाडं झिजतात. गोळी उपाशीपोटी फक्त पाण्याबरोबर, चहा ४५ मिनिटं ते तासाने, आणि कॅल्शियम किंवा लोहाची गोळी चार तासांच्या अंतराने.

इतर औषधांची यादी मात्र डॉक्टरांसमोर ठेवा. इन्सुलिन, ग्लिमेपिराईड, पायोग्लिटाझोन, प्रेडनिसोलोनसारखी स्टिरॉईड, ओलान्झापिन, मिर्टाझापिन, ॲमिट्रिप्टिलीन, व्हॅल्प्रोएट, प्रोप्रानोलॉल, अर्धशिशीसाठीचं फ्लुनारिझिन यांनी वजन वाढू किंवा अडकू शकतं. स्वतःहून काहीही बंद करू नका, पर्याय विचारा. भूक वाढवणाऱ्या किंवा सांधेदुखीच्या बिननावाच्या पुड्या घेत असाल तर तेही सांगा, त्यात स्टिरॉईड मिसळलेलं सापडतं. पोटावर बोटभर रुंद जांभळे चट्टे, जरा लागलं की काळंनिळं होणं, जिना चढताना मांड्यांत बळ नसणं ही लक्षणं एकत्र दिसली तर कॉर्टिसॉल या संप्रेरकाची तपासणी लवकर करा. पाळी लांबत असेल आणि हनुवटीवर राठ केस येत असतील तर स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा.

तेल, पोळी, रविवार आणि पावलं धरून आठ आठवडे नीट मोजूनही सरासरी हलली नाही, तर ती वही घेऊन एंडोक्रिनोलॉजिस्टकडे, म्हणजे संप्रेरकांच्या डॉक्टरांकडे, जा. तुमचा बीएमआय २९ आहे आणि भारतीयांसाठी २५ पासून पुढे लठ्ठपणा धरतात, त्यामुळे तिथे औषधांचा विषय निघू शकतो. वजन उतरवणाऱ्या सेमाग्लुटाईड या इंजेक्शनच्या २०२१ च्या अभ्यासात ६८ आठवड्यांत वजन सरासरी १५ टक्के उतरलं, आणि टिर्झेपाटाईड हे तसंच दुसरं इंजेक्शन मार्च २०२५ पासून भारतात मिळतं. पण इंजेक्शन थांबवलं की बरंचसं वजन परत येतं, आणि औषध चालू असतानाही प्रथिनं आणि वजनाचा व्यायाम लागतोच. जिममधल्या ओळखीने हे इंजेक्शन घेऊ नका.

मोजणी पाळी संपल्यानंतरच्या चौथ्या-पाचव्या दिवशी सुरू करा, म्हणजे पहिली सरासरी पाण्याने फुगलेली नसेल. एंडोक्रिनोलॉजिस्टकडे जाताना साखर, एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर), लिपिड (कोलेस्टेरॉल वगैरे), क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी) आणि टीएसएच करून न्या. केसांसाठी बायोटिनची गोळी घेत असाल तर रक्त द्यायच्या किमान दोन दिवस आधी ती थांबवा. तिच्यामुळे टीएसएच खोटाच कमी दिसू शकतो आणि नीट चाललेला डोस विनाकारण बदलला जातो.